विश्लेषण : किरणोपचारात ठरलेलीच मात्रा मिळते, हे कसे तपासले जाते?

औषधाचा डोस चुकला तर निदान रिकामी बाटली, सिरिंज, केसपेपरवरची नोंद असे काही मागे उरते. किरणोपचारात तसे नसते. किरण दिसत नाहीत, देताना दुखत नाही आणि मात्रा कमी-जास्त झाली तरी त्या क्षणी रुग्णाला काहीच जाणवत नाही. परिणाम दिसतात ते काही दिवसांनी, कधी काही वर्षांनी. कर्करोगावरील ‘आयएमआरटी’ हे तंत्र आता मोठ्या शहरांतील रुग्णालयांत रुळले आहे. यात किरणांची मात्रा गाठीच्या आकारानुसार इतकी बारकाईने बेतलेली असते की ती बरोबर आहे का, हे नुसत्या आकडेमोडीवरून सांगता येत नाही. म्हणून उपचारापूर्वी प्रत्येक रुग्णाचा आराखडा यंत्रावर चालवून प्रत्यक्ष मोजला जातो. ही चाचणी नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, याविषयी...

आयएमआरटी म्हणजे नेमके काय?

कर्करोगाच्या गाठीवर बाहेरून क्ष-किरण सोडण्यासाठी ‘लिनिअर अ‍ॅक्सिलरेटर’ म्हणजेच लिनॅक हे यंत्र वापरतात. जुन्या पद्धतीत प्रत्येक दिशेने येणाऱ्या झोताची तीव्रता बहुतेक ठिकाणी सारखीच असे. आयएमआरटीमध्ये एकाच झोतातील तीव्रता जागोजागी बदलता येते. त्यासाठी यंत्राच्या तोंडाशी टंगस्टनच्या पातळ पट्ट्यांच्या दोन समोरासमोरच्या रांगा असतात. याला मल्टिलीफ कॉलिमेटर म्हणतात. संगणकाच्या आज्ञेनुसार या पट्ट्या आत-बाहेर सरकतात. कुठे फट जास्त वेळ उघडी राहते, कुठे लगेच मिटते. त्यानुसार कुठे जास्त, कुठे कमी किरण पोहोचतात.

आराखडा करण्याची रीतही उलटी आहे. डॉक्टर आधी उद्दिष्ट सांगतात, म्हणजे गाठीला किती मात्रा हवी आणि मज्जारज्जू, लाळग्रंथी किंवा आतड्याला जास्तीत जास्त किती चालेल. पट्ट्यांनी कधी, कुठे असावे हे संगणक शोधून काढतो. त्यामुळे तयार आराखड्यात शेकडो बारीक हालचाली असतात. जुन्या पद्धतीतील हिशेब अनुभवी माणूस कागदावर ताडून पाहू शकत असे. आयएमआरटीत ते शक्य राहिलेले नाही.

या तंत्राचा फायदा सिद्ध झाला आहे का?

होय, आणि त्यातील काही महत्त्वाचे पुरावे मुंबईतून आले आहेत. डोके व मानेच्या कर्करोगात किरणांमुळे लाळग्रंथी निकामी होऊन तोंड कायमचे कोरडे पडणे हा मोठा त्रास. टाटा मेमोरियल केंद्रातील ६० रुग्णांवरील तुलनात्मक चाचणीत लाळग्रंथींना मध्यम वा तीव्र इजा आयएमआरटी घेतलेल्या ५९ टक्के रुग्णांत, तर आधीच्या त्रिमितीय पद्धतीत ८९ टक्के रुग्णांत आढळली. तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या आदल्या वर्षी ब्रिटनमधील ‘पारस्पोर्ट’ या ९४ रुग्णांच्या चाचणीतही असेच दिसले होते. वर्षभरानंतर कोरड्या तोंडाचा लक्षणीय त्रास जुन्या पद्धतीतील ७४ टक्के, तर आयएमआरटीतील ३८ टक्के रुग्णांना होता.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार घेणाऱ्या ३०० महिलांवर टाटा मेमोरियलने केलेल्या ‘पार्सर’ चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. तीन वर्षांत आतड्याचा दीर्घकालीन त्रास जुन्या पद्धतीत ४२.४ टक्के, तर प्रतिमांच्या आधारे दिलेल्या आयएमआरटीत २१.१ टक्के महिलांना झाला. म्हणजे जवळपास निम्माच. मात्र हा फायदा एका गृहीतावर उभा आहे. आराखड्यात जी मात्रा लिहिली आहे, तीच आणि तिथेच रुग्णाला मिळायला हवी.

मात्रा किती अचूक असावी लागते?

किरणांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. डोके-मानेच्या कर्करोगात एकूण ७० ग्रे, रोज २ ग्रे याप्रमाणे आठवड्यातून पाच दिवस, सात आठवड्यांत ३५ वेळा, हा सर्वत्र प्रचलित असलेला क्रम. मज्जारज्जूला मात्र ४५ ते ५० ग्रेच्या पुढे जाऊ देत नाहीत. गाठ आणि मज्जारज्जू यांत अनेकदा एक-दोन सेंटिमीटरचेच अंतर असते. एवढ्याशा जागेत मात्रा ७० वरून ४५ वर उतरवायची, म्हणजे उतार किती तीव्र असेल याची कल्पना येते. अशा उतारावर सारे काही दोन-तीन मिलिमीटर सरकले तरी मोठा फरक पडतो.

इंटरनॅशनल कमिशन ऑन रेडिएशन युनिट्स अँड मेजरमेंट्स या संस्थेने १९७६ मध्ये रुग्णाला मिळणारी मात्रा ठरलेल्या मात्रेच्या ५ टक्क्यांच्या आत असावी, अशी शिफारस केली. ७० ग्रेवर ५ टक्के म्हणजे साडेतीन ग्रे. हा आकडा हवेतून आलेला नाही. मात्रेत ५ टक्के फरक पडला तर गाठ आटोक्यात येण्याची शक्यता १० ते २० टक्क्यांनी आणि दुष्परिणामांची शक्यता २० ते ३० टक्क्यांनी बदलू शकते, असे या क्षेत्रात मानले जाते.

जास्त मात्रेची चूक भाजण्यातून, जखमांतून कधी तरी समोर येते. कमी मात्रेची चूक बहुधा येतच नाही. उपचार सुखरूप पार पडतात, त्रासही कमी होतो आणि वर्ष-दोन वर्षांनी आजार उलटला तर तो आजाराचाच दोष मानला जातो. म्हणूनच मोजमापाला पर्याय नाही.

चूक कुठे शिरू शकते?

मात्रा ही एका लांब साखळीची शेवटची कडी आहे. सीटी स्कॅन, गाठीची आखणी, संगणकातील हिशेब, ती माहिती यंत्राकडे पाठवणे, यंत्राचे मूळ मोजमाप, पट्ट्यांची हालचाल आणि रोज टेबलावर रुग्णाची अचूक मांडणी, यांपैकी कोणतीही कडी निसटू शकते.

पट्ट्यांचेच उदाहरण घ्या. दोन पट्ट्यांमधील फट २० मिलिमीटर असायला हवी आणि ती प्रत्येक वेळी २१ मिलिमीटर राहिली, तर तिथून ५ टक्के जास्त किरण आत जाणार. अख्ख्या उपचारातील चुकीची मुभा त्या एका मिलिमीटरने खाऊन टाकली. संगणकाला पट्ट्यांच्या टोकांची गोलाई, त्यांच्यामधून झिरपणारे किरण आणि अगदी छोट्या झोताची तीव्रता यांचे गणित आधी शिकवावे लागते. यंत्र नवे असताना महिनोन् महिने मोजमापे घेऊन ते केले जाते. इथे चूक राहिली, तर ती त्या यंत्रावरील प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला येते.

प्रत्यक्ष तपासणी कशी होते?

हे काम मेडिकल फिजिसिस्ट म्हणजे वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांचे. ते बहुधा सायंकाळी, रुग्णांची गर्दी ओसरल्यावर चालते. टेबलावर रुग्णाऐवजी ‘फँटम’ ठेवतात. हा शरीराइतकेच किरण शोषणारा प्लास्टिकचा ठोकळा किंवा नळकांडे असते. त्यात आयन चेंबर हे छोटे मापक, विशिष्ट फिल्म किंवा शेकडो सूक्ष्म मापकांची जाळी बसवलेली असते. रुग्णाचाच आराखडा या फँटमवर जसाच्या तसा चालवतात आणि मोजलेली मात्रा संगणकाने वर्तवलेल्या मात्रेशी ताडून पाहतात. यंत्रावरच बसवलेल्या, मूळ प्रतिमा घेण्यासाठीच्या पडद्याचा वापर करूनही हे करता येते.

याच्या जोडीला दुसऱ्या, स्वतंत्र सॉफ्टवेअरने मात्रेचा हिशेब पुन्हा करतात. पट्ट्या प्रत्येक क्षणी कुठे होत्या, याची यंत्राने स्वतः ठेवलेली नोंद तपासणे हाही एक मार्ग आहे. याशिवाय यंत्राच्या रोजच्या, महिन्याच्या आणि वर्षाच्या ठरलेल्या चाचण्या असतातच.

‘९५ टक्के उत्तीर्ण’ म्हणजे काय?

मोजलेल्या आणि वर्तवलेल्या मात्रेची तुलना ‘गॅमा इंडेक्स’ या मोजपट्टीने करतात. अमेरिकेतील डॅनियल लो आणि सहकाऱ्यांनी ती १९९८ मध्ये मांडली. कल्पना साधी आहे. एखाद्या बिंदूवर मात्रेतील फरक अमुक टक्क्यांच्या आत आहे का, किंवा तीच मात्रा अमुक मिलिमीटरच्या आत सापडते का, या दोन कसोट्या एकत्र करून त्या बिंदूला ‘उत्तीर्ण’ किंवा ‘अनुत्तीर्ण’ ठरवायचे. अमेरिकन असोसिएशन ऑफ फिजिसिस्ट्स इन मेडिसिनच्या कार्यगटाने २०१८ मध्ये यासाठी ३ टक्के आणि २ मिलिमीटर हे निकष सुचवले. किमान ९५ टक्के बिंदू उत्तीर्ण झाले तर आराखडा ठीक, ९० टक्क्यांच्या खाली गेला तर थांबून कारण शोधायचे आणि मधल्या पट्ट्यात असेल तर बारकाईने पाहायचे, अशी ही शिफारस आहे.

मात्र ९५ टक्के बिंदू उत्तीर्ण होणे म्हणजे मात्रा ९५ टक्के अचूक असणे नव्हे. उरलेले ५ टक्के बिंदू कुठे आहेत, हे त्या आकड्यातून कळत नाही. ते विखुरलेले असतील तर काही बिघडत नाही. तेच मज्जारज्जूजवळ एकवटले असतील, तर अहवालावर हिरवी खूण असूनही धोका राहतो. बेंजामिन नेल्म्स आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवून दिले की, झोतागणिक मिळणाऱ्या या टक्केवारीचा आणि रुग्णाच्या अवयवांना मिळणाऱ्या मात्रेतील खऱ्या चुकीचा फारसा संबंध लागत नाही. शेवटी ही टक्केवारी चाळणीसारखी आहे आणि चाळणीची भोके किती मोठी ठेवायची, हे माणूसच ठरवतो.

तपासणी टाळली तर काय होते?

याचे सर्वात जास्त चर्चा झालेले उदाहरण न्यूयॉर्कमधील सेंट व्हिन्सेंट रुग्णालयाचे आहे. मार्च २००५ मध्ये तिथे जिभेच्या कर्करोगाच्या एका रुग्णावर आयएमआरटी सुरू होते. पहिले काही उपचार व्यवस्थित झाले. मग आराखड्यात बदल करण्याचे ठरले. बदललेला आराखडा साठवताना संगणक बंद पडला आणि पट्ट्यांच्या हालचालींची माहिती साठवलीच गेली नाही. नव्या आराखड्याची चाचणी उपचारापूर्वी झाली नाही. पट्ट्या पूर्ण उघड्या राहिल्या आणि सलग तीन दिवस सुमारे २ ऐवजी १३ ग्रे, म्हणजे एकूण ३९ ग्रे मात्रा त्या रुग्णाच्या डोक्या-मानेच्या मोठ्या भागावर पडली. तिसऱ्या उपचारानंतर काही तासांनी चाचणी करण्यात आली आणि तेव्हा चूक उघड झाली. २००७ मध्ये त्या रुग्णाचा मृत्यू झाला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने जानेवारी २०१० मध्ये हे प्रकरण सविस्तर मांडल्यानंतर अमेरिकेत किरणोपचाराच्या सुरक्षिततेवर मोठी चर्चा झडली.

इथे चूक पकडणारी चाचणी ठाऊक होती आणि उपलब्धही होती. ती फक्त तीन उपचार उशिरा झाली. उपचार मध्येच बदलला की तो नवा आराखडा समजून चाचणी पुन्हा केली पाहिजे, हा यातला धडा.

रुग्णालयाची स्वतःची चाचणी पुरेशी आहे का?

याचे उत्तर अस्वस्थ करणारे आहे. अमेरिकेतील ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन केंद्रातून चालणारी एक तपासणी संस्था रुग्णालयांना डोक्या-मानेच्या आकाराचा फँटम टपालाने पाठवते. रुग्णालयाने त्याला खऱ्या रुग्णासारखे वागवायचे. सीटी काढायचा, आराखडा करायचा, किरण द्यायचे आणि फँटम परत पाठवायचा. आतील मापके संस्था वाचते. २००१ ते २०११ या काळातील अशा १,१३९ चाचण्यांपैकी सुमारे ८२ टक्के उत्तीर्ण झाल्या. निकष होता ७ टक्के आणि ४ मिलिमीटर, म्हणजे तसा ढिलाच. तो ५ टक्क्यांवर आणला असता, तर उत्तीर्णांचे प्रमाण ६९ टक्क्यांवर घसरले असते. ही रुग्णालये मोठ्या वैद्यकीय चाचण्यांत सहभागी होण्यासाठी पुढे आली होती, हेही लक्षात घ्यायला हवे.

त्यापुढचा प्रश्न असा की, या फँटमवर अनुत्तीर्ण ठरलेले आराखडे रुग्णालयांच्या स्वतःच्या चाचणीत पकडले गेले होते का? २००३ ते २०१३ दरम्यानच्या ८५५ चाचण्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार रुग्णालयांच्या अंतर्गत चाचण्यांनी असे बहुतेक आराखडे ‘ठीक’ म्हणून सोडून दिले होते.

याचे कारण उघड आहे. अंतर्गत चाचणीत मापक त्याच रुग्णालयाचे, त्याचे मूळ मोजमाप त्याच चमूचे, निकषही त्यांनीच निवडलेले. घड्याळ पाच मिनिटे पुढे असेल, तर त्याच घड्याळावरून लावलेले दुसरे घड्याळ ती चूक दाखवणार नाही. बाहेरचे घड्याळच हवे.

दुसरी मर्यादा अशी की, उपचारापूर्वीची चाचणी फँटमवर होते, रुग्णावर नाही. डोके-मानेच्या कर्करोगाचे रुग्ण उपचारादरम्यान अनेकदा बरेच वजन गमावतात. चेहऱ्यावर बसवलेला मास्क सैल होतो, गाठ आकसते, लाळग्रंथी आतल्या बाजूला सरकतात. पहिल्या दिवशीचा बिनचूक आराखडा पाचव्या आठवड्यात तितका बिनचूक राहत नाही. नेदरलँड्स कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये उपचार सुरू असतानाच, शरीरातून पार होणारे किरण यंत्राच्या पडद्यावर टिपून मात्रा पडताळली जाते. जानेवारी २००५ ते ऑगस्ट २००९ या काळात ४,३३७ रुग्णांच्या तपासणीत अशा १७ गंभीर चुका सापडल्या आणि त्यांतील नऊ उपचारापूर्वीच्या चाचणीत सापडल्याच नसत्या. गंभीर चुका विरळ असतात, हे या आकड्यांतून दिसते. ज्या होतात, त्यांतील निम्म्याहून अधिक नेहमीच्या चाचणीला चकवा देऊ शकतात, हेही दिसते.

भारतात देखरेख कोणाची असते?

भारतात किरणोपचाराच्या यंत्रांना परवाना देणे आणि सुरक्षेचे नियम घालून देणे हे मुंबईतील अणुऊर्जा नियामक मंडळाचे काम. १९८३ मध्ये हे मंडळ स्थापन झाले. यंत्र वापरात येण्यापूर्वीच्या चाचण्या, पात्र वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ, किरणोत्सार सुरक्षा अधिकारी आणि नियमित गुणवत्ता तपासणी या गोष्टी परवान्याशी जोडलेल्या आहेत. मापकांचे प्रमाणीकरण आणि मात्रेची बाह्य तपासणी यांत तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राची भूमिका मोठी आहे. केंद्राकडून रुग्णालयांना टपालाने छोटे मापक पाठवले जातात. रुग्णालय त्यांना ठरलेली मात्रा देऊन परत पाठवते आणि केंद्र ती ताडून पाहते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना १९६९ पासून जगभर अशीच टपाली तपासणी करतात. तिथेही मर्यादा ५ टक्क्यांचीच आहे.

ही तपासणी पायाभूत आहे. यंत्राचा साधा, चौकोनी झोत बरोबर आहे का, हे तिच्यातून कळते. त्यात ढोबळ चूक असेल, तर ती प्रत्येक रुग्णाला भोवणार, म्हणून तिचे महत्त्व मोठे. मात्र सरकत्या पट्ट्या, छोटे झोत आणि संगणकाचा गुंतागुंतीचा हिशेब यांची परीक्षा त्यातून होत नाही. त्यासाठी सीटीपासून उपचारापर्यंतची संपूर्ण साखळी तपासणारा, ह्यूस्टनच्या धर्तीवरचा फँटम लागतो. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनेही खांदे, डोके आणि मान असलेल्या ‘शेन’ नावाच्या फँटमच्या आधारे अशी पद्धत तयार केली आहे.

हा विषय आपल्यासाठी तातडीचा आहे. ‘ग्लोबोकॅन’च्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण होते आणि त्यातील सुमारे १.४ लाख ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे. तंबाखू, गुटखा, मावा यांच्या विळख्यातून येणारे हे रुग्ण नेमके अशाच ठिकाणी उपचार घेतात, जिथे गाठ आणि मज्जारज्जू यांच्यात जागा थोडी आणि आयएमआरटीची गरज जास्त असते. नव्या लिनॅकचे उद्घाटन होते, फीत कापली जाते. त्या यंत्रावर रोज संध्याकाळी चाचणी करायला माणूस आणि वेळ आहे का, हा प्रश्न मात्र तिथे कोणी विचारत नाही. चाचणीसाठी राखलेल्या तासाभरात आणखी काही रुग्णांचे उपचार होऊ शकतात. प्रतीक्षायादी लांब असलेल्या रुग्णालयात हा ताण रोजचाच असतो.

पुढचे आव्हान काय?

आता उपचाराच्या टेबलावर रुग्ण झोपलेला असतानाच त्या दिवसाची प्रतिमा घेऊन आराखडा नव्याने करणारी यंत्रे आली आहेत. वजन घटणे, अवयव सरकणे यांवर तो चांगला तोडगा आहे. पण आराखडा काही मिनिटांपूर्वी तयार झाला असेल आणि रुग्ण टेबलावर असेल, तर फँटम ठेवून मोजणार कधी? अशा वेळी स्वतंत्र सॉफ्टवेअरचा हिशेब, यंत्राच्या नोंदी आणि उपचार सुरू असतानाचे मोजमाप यांवरच भिस्त ठेवावी लागते. म्हणजे एका आराखड्याच्या एका चाचणीपेक्षा संपूर्ण व्यवस्थेची अधूनमधून बाहेरून होणारी परीक्षा अधिक महत्त्वाची ठरणार आहे.

रुग्ण व नातेवाईकांनी काय विचारावे?

या चर्चेचा अर्थ किरणोपचार टाळावेत असा मुळीच नाही. उपचार अर्धवट सोडण्याचा धोका मात्रेतील चुकीच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. मात्र काही साधे प्रश्न विचारण्यात संकोच नसावा. पहिल्या उपचारापूर्वी आराखड्याची यंत्रावर चाचणी झाली का? मध्येच आराखडा बदलला तर ती पुन्हा झाली का? उपचारापूर्वी जागा पडताळण्यासाठी प्रतिमा किती वेळा घेतली जाते? या यंत्राची मात्रा बाहेरच्या संस्थेकडून शेवटची कधी तपासली गेली? वजन घटले, मास्क सैल वाटू लागला किंवा एखाद्या दिवशी उपचार नेहमीपेक्षा फारच वेगळा वाटला, तर ते तिथल्या तिथे तंत्रज्ञांना सांगावे.

चांगल्या विभागात या प्रश्नांची उत्तरे तयार असतात. ती मिळत नसतील, तर वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांना भेटण्याची विनंती करावी. रुग्णाची त्यांच्याशी बहुधा कधी गाठ पडत नाही. पण रुग्णाला मिळणारी मात्रा मोजून पाहण्याचे काम त्यांचेच असते.